इमारतीच्या आतली मोबाइल रेंज आणि अँटेनांचं जाळं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या सोसायट्या, ऑफिसं, हॉस्पिटलं आणि मंगल कार्यालयं यांच्याकडून रेंजबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. फ्लॅटपुरता प्रश्न असेल तर वाय-फाय कॉलिंगचं उत्तर आधी वाचा, कदाचित तेवढ्यावरच काम भागेल. सोसायटीच्या कमिटीत असाल किंवा बांधकामाशी संबंध असेल, तर मात्र सगळं वाचा.

रस्त्यावर रेंज पूर्ण, फ्लॅटमध्ये शिरलं की गायब. टॉवर तर खिडकीतून दिसतो. मग असं का होतं?

मुख्य कारण भिंती. वाकड, पुनावळे, बाणेर, खराडी या भागांतल्या बऱ्याच नव्या उंच इमारती माइव्हन पद्धतीने बांधलेल्या आहेत. या पद्धतीत विटांचं काम जवळजवळ नसतंच. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. काम झपाट्याने उरकतं, इमारत मजबूत होते, पण आतल्या भिंतींमध्येही सळ्यांची जाळी येते. मधल्या बेडरूमपर्यंत पोचायला लहरींना अशा दोन-तीन भिंती ओलांडाव्या लागतात, आणि प्रत्येक भिंत आपला वाटा काढून घेते.

ऑफिसांमध्ये हेच काम काच करते. ऊन आत येऊ नये म्हणून काचेवर धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. उन्हासोबत तो रेडिओ लहरीही परतवतो. सिग्नलची घट-वाढ डेसिबलमध्ये मोजतात. अशी काच २० ते ३० डेसिबल सहज खाते. २० डेसिबल गेले म्हणजे शंभरातला एक भाग उरला, ३० गेले म्हणजे हजारातला एक. हिंजवडीत किंवा खराडीत काचेच्या इमारतीत काम करणाऱ्यांना बोलायला गॅलरी शोधावी लागते ती यामुळे. पेठांमध्ये जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि अरुंद बोळ आहेत, तर बावधन, सूस, पाषाणकडे टेकड्या मध्ये येतात. तिथे घराबाहेरच सिग्नल कमजोर असतो, आत काय पोचणार?

टॉवर दिसतो म्हणून रेंज मिळेलच असं नाही. टॉवरवरची अँटेना ठरावीक दिशेला आणि थोडी खाली झुकवलेली असते. तुमचा मजला तिच्या झोताच्या वर किंवा पाठीमागे असू शकतो. शिवाय तो टॉवर तुमच्या कंपनीचा आहे की नाही, हे लांबून कळत नाही.

फोनवर सगळ्या दांड्या दिसतात, तरी आवाज तुटतो. हे कसं?

दांड्या सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतात, तो किती स्वच्छ आहे ते सांगत नाहीत. विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर हा त्रास हमखास असतो. तिथून अर्धं शहर दिसतं, म्हणजे अर्ध्या शहरातले टॉवर फोनलाही दिसतात. सगळ्यांचा सिग्नल बऱ्यापैकी, पण कोणा एकाचा वरचढ नाही. फोन या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारत राहतो आणि संभाषण तुटतं.

अशा ठिकाणी आणखी ताकद ओतून उपयोग नाही. घरात एकच सिग्नल बाकीच्यांपेक्षा ठळक झाला पाहिजे. आतली यंत्रणा आखताना खिडकीजवळसुद्धा आतला सिग्नल बाहेरच्यापेक्षा निदान ५ ते ८ डेसिबलने वरचढ राहील अशी अँटेनांची जागा ठरवतात.

रेंज मोजायची कशी? कंपनीवाले म्हणतात, सगळं ठीक आहे.

आकडे हातात घेऊन बोला. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये फोनविषयीच्या भागात सिम स्टेटस असतं, तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की फील्ड टेस्टचा पडदा उघडतो. ४जीसाठी आरएसआरपी नावाचा आकडा बघायचा. तो उण्यात असतो, म्हणून लहान दिसणारा आकडा चांगला. उणे ९० किंवा त्याहून वर असेल तर उत्तम. उणे १०० ते ११० मध्ये कॉल लागतो, पण डेटा रडतो. उणे ११५ च्या खाली गेला की फोन कानाला लावून खोलीभर फिरणं आलंच. सोबत एसआयएनआर दिसत असेल तर तोही लिहा. तो सिग्नलची स्वच्छता सांगतो. २० च्या आसपास उत्तम, शून्याच्या खाली वाईट.

नकाशाची प्रिंट घ्या. प्रत्येक खोली, जिना, लिफ्टसमोरची जागा आणि पार्किंगचा प्रत्येक मजला, सगळीकडे आकडा टिपा. वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेल्या रहिवाशांना सोबत घ्या. या धंद्यात याला वॉक टेस्ट म्हणतात. एका रविवारी सकाळी चार जण मिळून सोसायटीची वॉक टेस्ट करू शकतात. हा कागद टेबलावर ठेवला की कंपनीशी होणारं बोलणंच बदलतं, हे आम्ही खूपदा पाहिलं आहे.

डॅस म्हणजे नेमकं काय?

डिस्ट्रिब्युटेड अँटेना सिस्टीम, म्हणजे इमारतभर विखुरलेल्या छोट्या अँटेनांचं जाळं. मोठ्या मंडपात मागच्या रांगेपर्यंत गाणं पोचावं म्हणून स्टेजवरच्या एकाच स्पीकरचा आवाज वाढवत नेत नाहीत, ठरावीक अंतरावर छोटे स्पीकर लावतात. इथेही तेच तत्त्व आहे. बाहेरून भिंती फोडून सिग्नल आत ढकलण्याऐवजी तो केबलने आत आणायचा आणि माणसं जिथे आहेत तिथे कमी ताकदीत सोडायचा.

कल्पना नवी नाही. १९८७ मध्ये बेल लॅब्जमधल्या सालेह, रुस्ताको आणि रोमन या तिघांनी इमारतींसाठी तिची शास्त्रीय मांडणी केली होती. आपल्याकडे मोबाइल कंपन्यांची माणसं याला आयबीएस म्हणतात, इन-बिल्डिंग सोल्युशनचं लघुरूप. कोणी आयबीएस लावून देतो म्हणालं तर बहुतेक वेळा ते याबद्दलच बोलत असतात.

मग त्या केबलमध्ये सिग्नल येतो कुठून?

तीन वाटा आहेत. पहिली, कंपनी इमारतीतच आपला बीटीएस (टॉवरखाली असतं ते मुख्य यंत्र) किंवा रेडिओ युनिट बसवते आणि फायबरने आपल्या नेटवर्कला जोडते. सिग्नल शुद्ध असतो, आणि इमारतीची स्वतःची क्षमता तयार होते. दुसरी, गच्चीवर अँटेना लावून बाहेरच्या टॉवरचा सिग्नल पकडायचा आणि रिपीटरने वाढवून आत सोडायचा. हे काम मोबाइल कंपनीनेच करायचं, कारण पुढे बूस्टरच्या प्रश्नात आहे. स्वस्त पडतं, पण क्षमता त्या टॉवरचीच वापरली जाते. तो टॉवर संध्याकाळी तुंबला तर तुम्हीही तुंबलात. तिसरी वाट स्मॉल सेलची. आकाराने राउटरएवढे छोटे बीटीएस मजल्यामजल्यावर, प्रत्येकाला इंटरनेटची तार.

गर्दीच्या जागी पहिलीच वाट धरा. मंगल कार्यालयात हजार माणसं एकाच वेळी फोटो पाठवत असताना रिपीटर काही करू शकत नाही.

पॅसिव्ह आणि ॲक्टिव्ह यांत फरक काय? आम्ही कोणती घ्यावी?

पॅसिव्हमध्ये मधे कुठेही वीज लागत नाही. रेडिओपासून जाड कोॲक्सिअल केबल निघते, स्प्लिटर आणि कपलर तिला फाटे फोडतात, शेवटी छताला थाळीसारख्या अँटेना. बिघडण्यासारखं त्यात फार काही नसतं. पण प्रत्येक फाटा आणि केबलचा प्रत्येक मीटर सिग्नल खातो, म्हणून आधी हिशेब करावा लागतो.

हा हिशेब कमिटीतल्या निदान एकाला तरी समजावा, म्हणून मांडून दाखवतो. रेडिओतून २० वॅट, म्हणजे ४३ डीबीएम निघतात. २० मेगाहर्ट्झच्या ४जी कॅरिअरमध्ये ही ताकद १२०० बारीक वाहक लहरींत वाटली जाते. फोन त्यातल्या एकीचीच ताकद मोजतो, म्हणून आपली सुरुवात सुमारे १२ डीबीएमपासून. १६ अँटेना असतील तर वाटणीत १२ डेसिबल गेले. अर्धा इंची केबल १८०० मेगाहर्ट्झवर १०० मीटरमागे साधारण १० डेसिबल खाते, ८० मीटरचे ८ झाले. जोड आणि स्प्लिटर यांचे ३ धरा. अँटेनाच्या तोंडाशी उरले उणे ११. अँटेनाचा गेन, म्हणजे तिने दिलेली वाढ, २ धरली की उणे ९. तिथून २० मीटर मोकळ्या हवेत ६३-६४ डेसिबल जातात, मधल्या एका भिंतीचे १०. फोनला मिळाले उणे ८२ किंवा ८३. म्हणजे उत्तम रेंज. भिंत एकऐवजी तीन धरल्या की हाच आकडा उणे १०३ वर घसरतो. माइव्हन इमारतीत अँटेना जवळजवळ का लावाव्या लागतात, ते यातून कळेल.

ॲक्टिव्हमध्ये तळमजल्यावरचं मास्टर युनिट सिग्नलचं रूपांतर प्रकाशात करतं आणि तो फायबरने प्रत्येक मजल्यावरच्या रिमोट युनिटकडे जातो. रिमोट युनिट तो पुन्हा रेडिओ सिग्नल करून वाढवतं. अंतराचा प्रश्न मिटतो. पण प्रत्येक रिमोटला वीज, हवा आणि देखभाल हवी, आणि रिमोटांची संख्या दुप्पट झाली की टॉवरकडे परत जाणारा गोंगाट ३ डेसिबलने वाढतो.

आमचं मत स्पष्ट आहे. दोन-तीन उंच इमारतींची सोसायटी, आणि रेंज हवी ती पार्किंग, लॉबी, लिफ्ट आणि क्लबहाउसमध्ये, तर पॅसिव्ह पुरे. मोठं हॉस्पिटल, मॉल, अनेक इमारतींचा आयटी पार्क असेल तर ॲक्टिव्ह किंवा दोन्हींचा मेळ.

ऑनलाइन काही हजारांत बूस्टर मिळतो. तो लावला तर काय बिघडलं?

लावू नका. या पानावरची एकच गोष्ट लक्षात राहणार असेल तर ही राहू दे.

आधी कायदा. परवानाधारक दूरसंचार कंपन्यांखेरीज कोणीही मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर बाळगणं, विकणं किंवा वापरणं बेकायदेशीर आहे. केंद्राच्या दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये हे पुन्हा जाहीरपणे सांगितलं. १९३३ च्या बिनतारी यंत्रांच्या कायद्यापासून हे बंधन चालत आलं आहे, आणि २०२३ चा दूरसंचार अधिनियमही अनधिकृत रेडिओ यंत्रांना मुभा देत नाही. विक्रीच्या पानावर ‘सरकारमान्य’ लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका.

कायद्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे शेजाऱ्यांचं नुकसान. बूस्टर टॉवरकडून येणारा सिग्नल वाढवतो, तसाच तुमच्या फोनकडून टॉवरकडे जाणाराही वाढवतो, आणि त्यासोबत स्वतःचा गोंगाटही टॉवरवर ओततो. टॉवर अतिशय क्षीण आवाज ऐकण्यासाठी बनलेला असतो. त्याच्या कानाशी हा गोंगाट सुरू झाला की लांबच्या फोनचं बोलणं त्याला ऐकूच येत नाही. एका फ्लॅटातल्या बूस्टरमुळे अख्ख्या गल्लीचे कॉल तुटू शकतात, आणि त्या माणसांना कारण कधीच कळत नाही.

दुसरा धोका आंदोलनाचा, म्हणजे यंत्राचाच सिग्नल फिरून त्यात परत शिरण्याचा. गच्चीवरची अँटेना आणि घरातली अँटेना एकमेकींना ऐकू लागल्या की माइक स्पीकरसमोर धरल्यावर होते तशी किंचाळी रेडिओत सुरू होते. ती टाळायची तर दोघींमधला आडोसा यंत्राच्या गेनपेक्षा निदान १५ डेसिबलने जास्त हवा. ७० डेसिबल गेनच्या यंत्राला ८५ डेसिबलचा आडोसा. फ्लॅटच्या खिडकीबाहेर एक आणि हॉलमध्ये एक अँटेना लावून तो मिळणं शक्य नाही.

आपल्या जिल्ह्याला आणखी एक जबाबदारी आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची रेडिओ दुर्बीण. आकाशगंगांकडून येणारे सिग्नल ती ज्या पट्ट्यांत ऐकते त्यांत ५५० ते ८५० मेगाहर्ट्झचाही पट्टा आहे, आणि मोबाइलच्या खालच्या लहरी काही त्यातच, तर काही त्याला लागून आहेत. जुन्नर भागातल्या फार्महाउसवर बूस्टर लावण्याचा विचारही करू नये.

घरापुरतं वाय-फाय कॉलिंग चालणार नाही का?

चालेल, आणि बहुतेक फ्लॅटसाठी तेच योग्य उत्तर आहे. भारतात ही सोय डिसेंबर २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आली. वेगळं ॲप लागत नाही, वेगळे पैसे लागत नाहीत, फोनच्या सेटिंग्जमध्ये ती चालू करायची एवढंच. ज्येष्ठांच्या फोनमध्ये बहुतेक वेळा ती बंदच असते. आजी-आजोबांच्या घरी गेलात तर आधी ते बघा.

राउटर कुठल्यातरी कपाटात किंवा टीव्हीच्या मागे असेल तर आधी तो घराच्या मध्यावर, उंच जागी आणा. माइव्हनच्या फ्लॅटमध्ये एक राउटर पुरत नाही. दुसरा ॲक्सेस पॉइंट लावा, आणि तो शक्यतो तारेने जोडा. बिनतारी मेश पुन्हा त्याच भिंतींशी झगडत बसतो. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हेच चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, त्यांतला मोकळा निवडा. राउटर आणि फायबरचा डबा इन्व्हर्टरवर घ्या. वीज गेली की इंटरनेट जातं आणि त्यासोबत कॉलही.

मर्यादा दाराबाहेर सुरू होते. घरातून बोलत लिफ्टमध्ये शिरलात की वाय-फाय सुटतं आणि पकडायला ४जी नसतं. आणि वॉचमन, घरकामाला येणाऱ्या मावशी, सिलिंडरचा कोड विचारणारा माणूस, यांच्याकडे तुमच्या वाय-फायचा पासवर्ड नसतो. तळघरात रात्रपाळी करणाऱ्या वॉचमनला १०८ किंवा ११२ लावता आला पाहिजे. आमच्या मते सोसायटीने सामायिक यंत्रणेचा विचार करायचं सगळ्यांत मोठं कारण हेच आहे.

सगळ्या कंपन्यांची रेंज एकाच अँटेनावरून मिळते का?

हो, आणि तशीच घ्यावी. प्रत्येक कंपनीचा रेडिओ एका खोलीत येतो, कंबायनर त्यांचे सिग्नल एकत्र करतो, आणि पुढे केबल, स्प्लिटर, अँटेना सगळं सामायिक. असं जाळं उभारणाऱ्या कंपन्यांना न्यूट्रल होस्ट म्हणतात. त्या स्वतः सिम विकत नाहीत. इमारतीशी करार करून जाळं टाकतात आणि मोबाइल कंपन्यांकडून भाडं घेतात.

एकाच कंपनीला हक्क देणारा करार करू नका. दूरसंचार क्षेत्राची नियामक संस्था ट्रायने जानेवारी २०१७ च्या शिफारशींमध्ये इमारतींतल्या अशा मक्तेदारीविरुद्ध ठाम भूमिका घेतली होती. व्यवहारातही ती रहिवाशांना महाग पडते, कारण पुढे नंबर पोर्ट करायचा तर घरात रेंज नाही.

आमच्या ऑफिसात जुनी यंत्रणा आहे. त्यावर ५जी चालेल का?

बहुतेक नाही. जुन्या अँटेना आणि स्प्लिटर २५०० किंवा २७०० मेगाहर्ट्झपर्यंतचे असतात, आणि ५जीचा मुख्य पट्टा ३३०० च्या पुढे सुरू होतो. प्रत्येक वस्तूच्या लेबलवर तिचा पट्टा छापलेला असतो, एक अँटेना उतरवून बघा. केबल कदाचित वाचेल, पण ३५०० मेगाहर्ट्झवर ती १०० मीटरमागे १० ऐवजी १४-१५ डेसिबल खाते. मोकळ्या हवेत १८०० च्या तुलनेत आणखी ६ डेसिबल जातात, आणि भिंतीही जास्त घेतात. म्हणून अँटेनांची संख्या वाढवावीच लागते.

दुसरा मुद्दा वेगाचा. जुन्या जाळ्यात एकच केबल असते, म्हणून फोनला डेटाचा एकच प्रवाह मिळतो. ५जीचा खरा वेग हवा तर निदान दोन समांतर केबली आणि दोन प्रवाहांच्या अँटेना हव्यात. ७०० मेगाहर्ट्झवरचं ५जी जुन्या सामानावर चालू शकतं, ते भिंतींतून जातंही चांगलं, पण त्या पट्ट्याची रुंदी कमी असल्याने वेग मर्यादित राहतो.

लिफ्ट आणि बेसमेंटचं काय?

लिफ्टचा पिंजरा धातूचा, त्याभोवती काँक्रीटचा शाफ्ट. एक उपाय म्हणजे शाफ्टच्या माथ्यावर खाली तोंड केलेली पॅनेल अँटेना. दुसरा म्हणजे काही मजल्यांआड लिफ्टच्या लॉबीत अँटेना. उंच इमारतीत दुसरा बरा पडतो, कारण दार उघडलं की फोनला तोच सिग्नल दिसतो आणि कॉल एका अँटेनावरून दुसरीवर सोपवावा लागत नाही. शाफ्टमधलं काम लिफ्टच्या देखभालवाल्याला सोबत घेऊनच करा.

बेसमेंट त्या मानाने सोपं. भिंती कमी, बाहेरचा सिग्नल नाही, त्यामुळे ढवळाढवळही नाही. फक्त रॅम्पवर काळजी घ्या. गाडी वर येताना आतला सिग्नल अचानक संपता कामा नये, म्हणून एक अँटेना रॅम्पच्या तोंडाशी हवीच.

मेट्रोच्या बोगद्यातही असंच करतात का?

तत्त्व तेच, साधन थोडं वेगळं. आपल्या मेट्रोचा शिवाजीनगर ते स्वारगेट हा भाग जमिनीखालून जातो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट टप्पा २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाला. अशा भुयारी स्थानकांत छताच्या अँटेना लावतात, तर बोगद्यांसाठी जगभर बहुधा लीकी केबल वापरतात. तिच्या आवरणाला मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात, त्यातून सिग्नल सगळ्या लांबीभर झिरपत राहतो. लांबलचक पार्किंग किंवा सर्व्हिस टनेल असेल तर इमारतीतही ती वापरता येते.

डोक्यावर अँटेना म्हणजे रेडिएशन वाढणार ना?

हा प्रश्न सर्वसाधारण सभेत येतोच, आणि तो विचारणं योग्यच आहे. वरच्या उदाहरणातलं गणित पुढे नेऊ. २० वॅटमधून २३ डेसिबल गेले की एका अँटेनाला मिळतो ०.१ वॅट. तुमचा फोन कमाल ०.२ वॅट सोडतो, तोही कानाला लागून. त्या अँटेनापासून १ मीटरवर दर चौरस मीटरला ०.०१३ वॅटच्या आसपास ताकद भरते. १८०० मेगाहर्ट्झसाठी भारतातली मर्यादा आहे साधारण ०.९ वॅट, आणि ती १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय आयसीएनआयआरपी मर्यादेच्या एक दशांश ठेवलेली आहे. म्हणजे कडक मर्यादेच्याही सत्तराव्या भागाजवळ आपण आहोत.

उलट बाजूही समजून घ्या. रेंज कमजोर असली की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी स्वतःची ताकद कमालीला नेतो. जवळ अँटेना आली की तो ती पुष्कळ कमी करतो. बॅटरीही टिकते. तरी कोणाला शंका असेल तर काम झाल्यावर मोजणी करून आकडे सूचना फलकावर लावा.

खर्च कोण करतं? सोसायटीने करारात काय बघावं?

इमारतीत गर्दी आणि धंदा असेल, म्हणजे मॉल, हॉस्पिटल, आयटी पार्क, तर न्यूट्रल होस्ट किंवा मोबाइल कंपनी स्वतः खर्च करायला पुढे येते. मध्यम सोसायटीत बहुतेकदा वाटून घ्यावं लागतं. छोट्या सोसायटीला कोणी येत नाही, तिथे शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी एकत्र प्रस्ताव दिला तर बोलणं पुढे सरकतं.

सर्वसाधारण सभेत ठराव करा आणि मगच सही करा. विजेचा स्वतंत्र सबमीटर असू द्या. यंत्रांची खोली कुठली, तिची चावी कोणाकडे, रात्री-अपरात्री तंत्रज्ञ आला तर परवानगी कोण देणार, हे लिहून घ्या. गच्चीवर काही बसवणार असतील तर वॉटरप्रूफिंगची जबाबदारी त्यांची, हे शब्दांत हवं. पावसाळ्यात गळती सुरू झाल्यावर या एका वाक्यावरून वाद होतात. करार संपल्यावर केबली कोण काढणार, भोकं कोण बुजवणार, तेही. आणि कंपनीकडून वर्षभरात किती ऑपरेटर प्रत्यक्ष जोडले जातील याचं लेखी वचन घ्या. अँटेना छताला, आणि त्यांना सिग्नल कोणाचाच नाही, असं व्हायला नको.

आमच्या इमारतीचं बांधकाम अजून सुरू आहे. बिल्डरला काय सांगावं?

आत्ताच सांगा, कारण याहून स्वस्त वेळ पुन्हा येणार नाही. स्लॅब आणि भिंती ओतल्यावर एक भोक पाडायचं म्हणजे कोअर कटिंग, सळ्या टाळण्याची कसरत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरची परवानगी. माइव्हनमध्ये तर भिंतीच भार पेलतात, त्यामुळे मनाला येईल तिथे भोक पाडताच येत नाही.

मागण्या साध्या आहेत. प्रत्येक टॉवरला तळघरापासून गच्चीपर्यंत विजेच्या डक्टपासून वेगळा, लो-व्होल्टेजसाठी राखलेला उभा डक्ट. प्रत्येक मजल्यावर त्या डक्टपासून लॉबीच्या छतापर्यंत रिकामा पाइप, आत ओढदोरीसह. लिफ्टच्या शाफ्टला एक स्लीव्ह, म्हणजे केबल जाण्यापुरती राखलेली नळी. तळमजल्यावर यंत्रांसाठी हवेशीर खोली, पावसाचं पाणी शिरणार नाही अशा पातळीवर. नदीकाठच्या भागांत तर ही खोली तळघरात नकोच. रस्त्यापासून त्या खोलीपर्यंत फायबरसाठी दोन स्वतंत्र पाइप. जनरेटरवर तिचा भार धरलेला असावा. हे सगळं नकाशात दाखवलेलं असेल तर पुढे कोणतीही कंपनी येवो, ५जी असो की त्यानंतरचं काही, भिंत फोडावी लागणार नाही.

बिल्डरला पटवायला एक मुद्दा हाताशी आहे. ट्रायने २५ ऑक्टोबर २०२४ रोजी इमारतींच्या डिजिटल कनेक्टिव्हिटीला मानांकन देण्याचे विनियम जारी केले. त्याखाली नोंदणी झालेल्या संस्था फायबर, मोबाइल नेटवर्क, इमारतीतली यंत्रणा, वाय-फाय असं सगळं तपासून तारांकन देऊ शकतात. घर घेताना पार्किंग आणि पाण्याबद्दल विचारतो, तसं आता याबद्दलही विचारा. ग्राहक विचारू लागले की डक्ट आपोआप येतील.

काम पूर्ण झालं हे कसं ओळखायचं?

नुसता फोन लावून बघू नका. कंत्राटदाराकडून चार गोष्टी घ्या. प्रत्येक केबलचा व्हीएसडब्ल्यूआर रिपोर्ट, त्यावरून सिग्नल कुठे परत फिरतो ते कळतं. पीआयएम चाचणीचा रिपोर्ट. ढिला किंवा गंजलेला जोड असला की दोन पट्ट्यांचे सिग्नल त्यात मिसळून तिसराच गोंगाट तयार होतो, हा दोष डोळ्यांना दिसत नाही आणि पुढे महिनोन्‌महिने छळतो. कामाआधीची आणि नंतरची वॉक टेस्ट, त्याच जागांवर, सगळ्या कंपन्यांसाठी. आणि प्रत्यक्षात केबल जिथून गेली त्याचा नकाशा.

शेवटचा हप्ता या कागदांशी बांधा.

नंतर देखभाल काय लागते?

पॅसिव्हला फारशी नाही. रंगारी अँटेनावर रंग मारतात, इंटिरिअरवाले फॉल्स सीलिंग करताना ती वर ढकलून देतात किंवा जोड सैल करतात, उंदीर बारीक केबली कुरतडतात. म्हणून अँटेनांवर नंबरचं लेबल लावा आणि वर्षातून एकदा वॉक टेस्ट करा. यंत्रांच्या खोलीतला यूपीएस आणि पंखा मात्र दर महिन्याला बघा. उन्हाळ्यात रेंज गेल्याच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ बंद पडलेल्या पंख्यात सापडतं.

आम्ही भाड्याने राहतो, कमिटी लक्ष देत नाही. आम्ही एकट्याने काय करावं?

आधी आपली मोजणी करा. वाय-फाय कॉलिंग चालू करा. मग आपल्या कंपनीकडे १९८ वर तक्रार नोंदवा, आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, लिहून ठेवा. तक्रारीत पत्ता, मजला, वेळ आणि डीबीएमचे आकडे द्या. नुसतं ‘रेंज येत नाही’ लिहिलं तर उत्तरही तसंच मोघम येतं. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे वेळ घालवू नका. दूरसंचार विभागाकडे केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवरून जाता येतं.

दरम्यान प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवरचा कव्हरेजचा नकाशा उघडून आपली गल्ली बघा, आणि शेजाऱ्यांकडे दुसऱ्या कंपनीची रेंज त्यांच्या घरात, त्याच खोलीत मोजा. फरक १० डेसिबलचा असेल तर नंबर पोर्ट करणं हा सगळ्यांत जलद उपाय आहे. एकाच मजल्यावरच्या पाच-सहा घरांनी आपापले डॉकेट नंबर एका अर्जात जोडून सेक्रेटरींना द्यावेत, आणि तो विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेवर घेण्याची लेखी मागणी त्याच अर्जात करावी.